समच्या वाळूतला 'कल्चरल प्रोग्रॅम', सासूबाई आणि उरलेली एक संध्याकाळ

उंटावरची शहाणी | २४ डिसेंबर, दुपारी २:१०

सुट्टीचे दिवस आहेत, तरी कुणी वाचत असेल तर कृपा करून आजच उत्तर द्या. आमच्या हातात जैसलमेरची एकच संध्याकाळ आहे, उद्याची.

आम्ही सहा जण आहोत: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी, नणंद आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. काल समच्या वाळूत एका कॅम्पवर मुक्काम केला. जैसलमेरपासून साधारण ४० किलोमीटर. जीप, उंट, चहा-भजी, 'कल्चरल प्रोग्रॅम', जेवण, तंबू, सकाळचा नाश्ता असं सगळं धरून सहा जणांचे साडेअठरा हजार. नाताळच्या आठवड्यात दर चढे असणार, त्याबद्दल तक्रार नाही. उंटावरही बसून झालं. शहाणपण काही आलं नाही, पण ते माझं मी बघेन.

प्रश्न संध्याकाळचा आहे. दारात ढोल वाजवून, टिळा लावून आत घेतलं. मधे मोकळा गोल चौक, त्यात शेकोटी, कडेने गाद्या आणि लोड. एका बाजूला चौथरा. सात वाजता चार कलाकार येऊन बसले: पेटी, ढोलक, खडताल वाजवणारा एक विशीतला मुलगा, आणि अगदी कडेला एक म्हातारा, मांडीत कमायचा घेऊन, ते मोठ्या पोटाचं, गजाने वाजवायचं तंतुवाद्य. पहिली दहा मिनिटं फार छान गेली. गळे असे की माइक नसता तरी चाललं असतं. माइक होते तीन. पेटीला, ढोलकला आणि गाणाऱ्याला. कमायच्याला नाही. सासूबाई मला दोनदा म्हणाल्या, "अगं, तो म्हातारा वाजवतोय, पण ऐकू येत नाही."

मग निवेदक आला. "महाराष्ट्र से कौन कौन आया है?" झालं. आमच्या बाजूच्या तीन गाद्या एकदम किंचाळल्या, आणि खोटं कशाला सांगू, त्यात माझा नवराही होता. मग गुजरात, मग बंगाल, मग "हनिमूनवाले हाथ ऊपर करो". एकदा राज्यवार आरोळ्या सुरू झाल्या की गाणं परत येत नाही.

कालबेलिया नाच झाला. काळा घागरा, त्यावर आरशांचं काम, आणि ती बाई फिरायला लागली की घागऱ्याची नुसती चकती दिसते. मुलगी तोंड उघडं टाकून बघत होती. तेवढ्यात पलीकडच्या गादीवरचे एक काका उठले, शंभराची नोट वाळूवर ठेवली आणि खुणेने सांगितलं, उचल. तिने मागे कमान टाकून ती डोळ्यांच्या पापण्यांनी उचलली. टाळ्या. काकांनी दुसरी ठेवली. मग तिसरी, व्हिडिओ नीट आला नव्हता म्हणून. मुलाने मला विचारलं, "आई, तिला ते उचलायलाच लागतं का?" मला काही सुचलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "याला दौलतजादा म्हणतात." बास, तेवढंच.

शेवटी भवाई. त्या बाईच्या डोक्यावर एकावर एक सात घडे, पायाखाली काचा. ती काचांवर चढली आणि नेमकी तेव्हाच जेवणाची घंटा झाली. विश्वास ठेवा, दीड मिनिटात चौक रिकामा. डोक्यावर सात घडे घेऊन ती बाई तशीच उभी, आणि समोर चुरगळलेल्या गाद्या. ढोलकवाला थांबला नाही, म्हणून तीही थांबली नाही. मी मुलीचा हात धरून तिथे उभी होते, कारण माझंही एक मन बुफेच्या रांगेकडे होतं.

सासूबाई उठल्याच नाहीत. थोड्या वेळाने बघते तर तो म्हातारा शेकोटीजवळ येऊन बसलेला, कमायच्याचं कातडं विस्तवाकडे करून. मधूनमधून अंगठ्याने टिचकी मारून कान लावायचा. सासूबाई सरकत सरकत त्याच्याजवळ गेल्या. "हलगी शेकतात तसंच की हे," असं मला म्हणाल्या आणि त्याला आपल्या खानदेशी हिंदीत विचारलं की घरात मूल झालं की तुम्ही काय गाता? तो हसला. इकडेतिकडे बघितलं आणि वाजवायला लागला. माइक नाही, काही नाही. गज लागला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हा आवाज किती जाड असतो. आतून येतो, म्हणजे लाकडाच्या नाही, आपल्याच पोटातून. दोन-तीन मिनिटं झाली असतील. मॅनेजर आला, "माताजी, खाना ठंडा हो रहा है". आणि त्याच्यामागून डीजे सुरू झाला, तो अकरापर्यंत.

सासूबाईंनी बटव्यातून शंभराची नोट काढून म्हाताऱ्याला दिली. त्याने कपाळाला लावून घेतली. मला तेव्हापासून चुटपुट लागली आहे. आताच त्या काकांना नावं ठेवली होती ना मी!

तर विचारायचं ते असं. एक, उद्या संध्याकाळी जैसलमेरमध्ये म्हातारं माणूस आणि लहान मुलं यांना घेऊन खरंखुरं गाणं कुठे ऐकता येईल? दोन, पैसे कसे आणि कुणाच्या हातात द्यायचे? तीन, पुढे जोधपूरला एक दिवस आणि उदयपूरला २७ ते २९ आहोत, तिथे असं काही आहे का?

जेवण बरं होतं. बाटी तोंडात घालून सासूबाई म्हणाल्या, "बट्टी आहे, पण भाजायची घाई केली." केर-सांगरी मात्र दोनदा घेतली. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा आणि खेजडी म्हणजे आपली शमी, हे मी सांगितल्यावर त्यांना दसरा आठवला आणि अर्धा तास माहेर निघालं.

आडवाटेचा | २४ डिसेंबर, दुपारी २:४५

नाताळात समला जाऊन शांतता शोधायची म्हणजे वरातीत शिरून झोप मागायची. ते पॅकेज डीजेसाठीच असतं, मधली गाणी म्हणजे पापडासारखी, ताट भरलेलं दिसावं म्हणून. वाळूच हवी होती तर खुरीला जायचं होतं, ते त्या मानाने निवांत आहे. आता जे झालं ते झालं. काकांना मात्र माझ्या वतीनेही दोन शब्द ऐकवा.

पितळी डबा | २४ डिसेंबर, दुपारी ३:३०

शहाणीताई, दोन वर्षांपूर्वी आईबाबांना घेऊन याच मार्गाने गेले होते, म्हणून लिहिते.

जैसलमेरला गडीसर तलावाजवळ डेझर्ट कल्चर सेंटर आहे. छोटं संग्रहालय आणि संध्याकाळी कठपुतळीचा खेळ. मुलांसाठी उत्तम. बाहुली बोलते तो चिरका आवाज तोंडात धरलेल्या शिट्टीतून काढतात, तुमच्या लेकाला सांगून ठेवा म्हणजे तो शोधत बसेल. पण सासूबाईंची तहान तिथे भागणार नाही. किल्ल्याच्या वाटेवर रावणहत्था घेऊन बसलेले लोक दिसतील. नारळाच्या करवंटीचं वाद्य, गजाला घुंगरू. तिथेही क्षणभर थांबा, मात्र ते बहुतेक सिनेमातलंच वाजवतात कारण लोक त्यावरच थांबतात.

मी काय केलं ते सांगते. आमच्या हॉटेलच्या मालकाला विचारलं की ओळखीचे मांगणियार, म्हणजे इकडचे पिढीजात गाणारे-वाजवणारे, कुणी आहेत का, दोघंच हवेत, माइक नको, तासभर, जेवणाच्या आधी. त्याने फोन केला. गच्चीवर बसलो. पार्टी, मैफल असले शब्द वापरू नका, लगेच सहा जण आणि स्पीकर येतो.

उदयपूरला तुमचं नशीब जोरावर आहे. शहराबाहेर शिल्पग्राम आहे, तिथे दरवर्षी २१ ते ३० डिसेंबर मोठा उत्सव भरतो, म्हणजे तुम्ही असाल तेव्हा चालूच असेल. वेगवेगळ्या राज्यांतले कलाकार येतात. तिथे पश्चिमेकडच्या राज्यांची खेड्यातली घरं बांधून ठेवली आहेत, त्यात महाराष्ट्राचंही आहे. ज्या सरकारी संस्थेचं हे काम, त्या पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात आपलं राज्यही येतं. पिचोला तलावाच्या गणगौर घाटावर त्यांच्याच बागोर की हवेलीत रोज संध्याकाळी तासाभराचा कार्यक्रम असतो. तोही पर्यटकांसाठीच आहे, पण जेवण नाही. या एका गोष्टीने किती फरक पडतो ते बघाल. भवाई तिथेही आहे आणि घडे उतरेपर्यंत कुणी उठत नाही. आधी जाऊन पुढची जागा धरा, जमिनीवर बसावं लागतं. सासूबाईंच्या गुडघ्यांचं बघा, कडेला खुर्च्या असतात, मागितल्या तर देतात.

ढोलकीवाला | २४ डिसेंबर, सायंकाळी ६:०५

मी इथे सहसा लिहीत नाही, पण ते सात घडे वाचून राहवलं नाही.

मी गेली पंधरा-सोळा वर्षं ढोलकी वाजवतो. आधी फडात होतो, आता हिवाळाभर हुरडा पार्ट्या आणि कृषी पर्यटनाच्या सुपाऱ्या घेतो. तुमच्या त्या कॅम्पमध्ये आणि आमच्या शेतातल्या मांडवात वाळूचा आणि ज्वारीचा फरक, बाकी सगळं तेच. आम्ही गण म्हणतो, लोक सेल्फी काढतात. गौळण सुरू होते आणि मालक येऊन कानात सांगतो, "नाना, ते सिनेमातलं घ्या." घेतो. पाहुणे नाचले की मालक खूष, मालक खूष तर पुढच्या रविवारची सुपारी. यात रडण्यासारखं काही नाही, पोट आहे.

पण तुम्ही बाहेरून बघता, म्हणून दोन गोष्टी सांगतो. जेवणाची वेळ आम्हाला तुमच्या आधी माहीत असते. जी चीज मनापासून म्हणायची ती आम्ही पहिल्या वीस मिनिटांत म्हणून घेतो, कारण तेव्हा लोक नुकते बसलेले असतात आणि मोबाइल अजून खिशात असतो. तुम्हाला पहिली दहा मिनिटं चांगली वाटली ना? ती अपघाताने चांगली नव्हती. आणि घंटा झाली तरी वाजवणारा थांबत नाही, कारण समोर कुणीतरी घडे घेऊन उभं आहे. तिचा पाय आमच्या ठेक्यावर असतो. आपण थांबलो तर ती पडेल. त्या ढोलकवाल्याला माझा नमस्कार.

शेकण्याचं म्हणाल तर सासूबाई बरोबर बोलल्या. थंडीत दव पडलं की कातडं सैल पडतं, आवाज बसतो. आमची ढोलकी कड्या ठोकून चढवता येते, हलगी मात्र शेकावीच लागते. कमायचा मी हातात घेतलेला नाही, पण कातडं ते कातडं. त्या बाबांनी जेवणाच्या वेळेत वाद्य शेकायला घेतलं म्हणजे त्यांना अजून वाजवायचं होतं. सगळं आवरून शेकोटीवर हात शेकणारा माणूस वेगळा दिसतो.

आता पैसे. ठरलेले पैसे म्हणजे बिदागी, ती आमच्या फडात पाच जणांत वाटली जाते आणि मधला माणूस असला तर त्याची कात्री आधीच लागलेली असते. एका ठिकाणी मालकाने "टिप गोळा करून शेवटी सगळ्यांना सारखी देऊ" असं सांगून डबा ठेवला. तो डबा आम्ही परत बघितला नाही. म्हणून ज्याला द्यायचेत त्याच्या हातात द्या. नोट वाळूवर ठेवून उचल म्हणणं वेगळं आणि गाणं ऐकून हातात देणं वेगळं, एवढं ज्याला दिलं त्याला कळतं. बाबांनी कपाळाला लावली म्हणता, मग चुटपुट कसली? शंभर कमी होते का, असं विचाराल तर हो, कमी होते. साडेअठरा हजारांच्या रात्री पाचशे चालले असते. राग मानू नका, धंद्यातला माणूस आहे.

कोरडवाहू | २४ डिसेंबर, रात्री ८:२०

ढोलकीवाले, क्या बात है.

शहाणीताईंच्या 'खरंखुरं' या शब्दाला थोडा चिमटा काढतो. मांगणियार मुस्लिम, त्यांचे परंपरेने यजमान मुख्यतः हिंदू राजपूत. यजमानाच्या घरी जन्म, लग्न, काहीही असलं की यांनी जायचं, गायचं, घराण्याची स्तुती म्हणायची, आणि बदल्यात धान्य, जनावर, पैसा घ्यायचा. आपल्याकडे गोंधळ्याला ठरावीक यजमानांची घरं वाटून दिलेली असत, तसंच. म्हणजे ते गाणं मुळात 'कार्यक्रम' नव्हतंच. ते मंचावर आलं त्याचं मोठं श्रेय लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारींना जातं. त्यांनी आणि लेखक विजयदान देथा यांनी १९६० मध्ये बोरुंदा गावात रूपायन संस्थान सुरू केलं. कोठारी गावोगाव फिरले, ध्वनिमुद्रण केलं आणि मांगणियार आणि त्यांच्यासारखेच पिढीजात गाणारे लंगा यांना घेऊन देशात-परदेशात गेले. या मंचामुळे नुकसान झालं म्हणावं तर, तो नसता तर कमायचा वाजवणारे आज किती उरले असते?

कालबेलियाचंही असंच. हा समाज साप धरणारा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप घेऊन फिरणं बंद झालं, मग नाच हेच पोटाचं साधन बनत गेलं. गुलाबो सपेरा १९८५ मध्ये अमेरिकेतल्या भारत महोत्सवात नाचल्या, २०१० मध्ये युनेस्कोने कालबेलिया गाणी आणि नृत्य वारशाच्या यादीत घेतली, २०१६ मध्ये गुलाबोंना पद्मश्री मिळाली. पाहुण्यांसमोरचा हा नाच पर्यटनाने बिघडवला असं म्हणताना, तो पर्यटनाबरोबरच वाढला आहे हेही लक्षात ठेवावं लागतं. काकांची नोट त्याने माफ होत नाही, ते वेगळं.

कमायचा ऐकायचाच असेल तर साकर खाँ यांचं ध्वनिमुद्रण शोधा. जैसलमेर जिल्ह्यातल्या हमीरा गावचे, २०१२ मध्ये पद्मश्री, पुढच्या वर्षी गेले. सासूबाईंना हेडफोन लावून द्या. जोधपूरला तुमच्याकडे अर्धा दिवस असेल तर किल्ला लवकर आटोपून शहराबाहेरचं अरना झरना बघा, कोठारींच्याच कल्पनेतलं संग्रहालय. तिथे राजस्थानातल्या केरसुण्या मांडून ठेवल्या आहेत. हसू नका. कुठल्या भागात कुठलं गवत, कुठली केरसुणी घरातली आणि कुठली अंगणातली, सगळं आहे. खानदेशातल्या बाईला तिथून ओढून बाहेर काढावं लागेल.

माळावरून | २४ डिसेंबर, रात्री ९:००

विषय थोडा सोडून. समच्या लगतच डेझर्ट नॅशनल पार्क आहे आणि तिथे माळढोक आहे, देशात जे थोडे उरलेत त्यांतले बरेचसे त्याच पट्ट्यात. रात्री अकरापर्यंतचा डीजे फक्त सासूबाईंनाच ऐकावा लागत नाही, एवढंच.

उंटावरची शहाणी | २४ डिसेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. ढोलकीवाले, तुमचं उत्तर मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. पाचशेच्या वाक्याला नणंद म्हणाली, "मी तेव्हाच सांगितलं होतं." कधीच सांगितलं नव्हतं.

पितळी डबा, हॉटेलच्या मालकाशी बोलले. तो आधी म्हणाला, "मॅडम, समचं पॅकेज करून देतो." म्हटलं, ते करून आलो. मग नीट ऐकलं.

उंटावरची शहाणी | २६ डिसेंबर, सकाळी ९:५०

जोधपूरच्या वाटेवर आहोत, गाडीतून लिहिते आहे. चुका पोटात घाला.

काल संध्याकाळी साडेसहाला दोघं आले. काका आणि पुतण्या, कमायचा आणि खडताल. तीन हजार ठरले, काकांच्याच हातात द्यायचे. गच्चीवर सतरंजी, समोर किल्ल्यावर दिवे लागलेले, थंडी मरणाची. हॉटेलवाल्याने लोखंडी पाटीत निखारे आणून दिले. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी पाटी त्यांच्याकडे सरकवली, "वाद्य शेका आधी."

सुरुवात त्यांनी पाहुण्यांच्या स्वागताच्या त्या सगळ्यांना पाठ असलेल्या राजस्थानी मांड गाण्यानेच केली. सवयच असणार. शिवाय मधेच काकांचा फोन वाजला आणि त्यांनी गज खाली न ठेवता, मान वाकडी करून फोन खांद्यात धरून कुणाला तरी बसची वेळ सांगितली. माझ्या डोक्यातली मैफल तिथे जरा खाली बसली. मुलाला मात्र तो भाग फार आवडला.

मग सासूबाईंनी पुन्हा तेच विचारलं, मूल झाल्यावरचं. "हालरिया," काका म्हणाले आणि शोधक नजरेने आमच्याकडे बघायला लागले, बाळ कुठे आहे? बाळ पाच वर्षांचं, रजईत गुंडाळलेलं, बिस्कीट खात बसलेलं. त्यांनी तिचं नाव विचारलं आणि गाण्यात घातलं. चुकीचं घातलं, शेवटचं अक्षर त्यांच्या जिभेला वळेना, पण नाव आलं की तिकडे बघून मान हलवायचे. गाण्यात आपलं नाव आलं हे कळल्यावर तिने बिस्कीट खाली ठेवलं. आमच्या घरात हे कधीच होत नाही.

कमायचा जवळून बघितला. आंब्याच्या लाकडाचा. पोट ताटाएवढं, वर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं मधे काळपट पडलेलं, तळहात लागून लागून. त्या जाड तारा आतड्याच्या असतात म्हणे, हे ऐकून नणंदेने हात मागे घेतला. खडताल म्हणजे दोन हातात मिळून लाकडाच्या चार पट्ट्या, बस. मुलाने मागून घेतल्या आणि दोन मिनिटं नुसत्या खाली पाडल्या.

शेवटी काकांनी सासूबाईंना म्हटलं, आप भी कुछ सुनाइए. मला वाटलं त्या हात जोडतील. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि जात्यावरची ओवी म्हटली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मी त्यांना देवाच्या आरतीपलीकडे गाताना ऐकलेलं नाही. दुसऱ्या ओळीवर अडल्या, परत पहिलीपासून घेतली. पुतण्याने खडताल उचलून ठेका धरायचा प्रयत्न केला, एकदा, दोनदा. ओवीला कुठे ठेका असतो, जातं फिरेल तशी ती. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि त्याने पट्ट्या मांडीवर ठेवून दिल्या. काकांनी गज लावून एकच सूर धरून ठेवला, घरघर घरघर. जात्यासारखीच की ती! सासूबाईंनी तीन ओव्या म्हटल्या. चौथी आठवली नाही, तेव्हा त्या काकांवरच चिडल्या, "तुम्ही वाजवताय म्हणून विसरले."

मुलाने सगळं रेकॉर्ड केलं आहे. पहिला अर्धा तास त्याचा अंगठा माइकवर होता. ओव्या आल्या आहेत, पण त्यावर रस्त्यातल्या कुत्र्यांचं भुंकणं जास्त आहे.

तीन हजार काकांच्या हातात दिले. वर सासूबाईंनी बटवा उघडून पुतण्याला पाचशे दिले. ढोलकीवाले, तुमचं उत्तर त्यांनाही वाचून दाखवलं होतं, त्यामुळे हे पैसे तुमच्या खात्यावर टाकायचे का असं नवरा विचारतो आहे.

आता केरसुण्या बघायला निघालो आहोत. गाडीवाल्याला पत्ता सांगितला तर त्याने दोनदा विचारलं, "झाडू?" पितळी डबा, शिल्पग्रामला २८ ला जायचं ठरवतो आहोत. तिकीट तिथे खिडकीवर मिळतं ना, आणि महाराष्ट्राचं ते घर दारापासून किती लांब आहे? सासूबाईंना आधी तिथेच जायचं आहे, जातं आहे का ते बघायला.